मार्क नॉफ्लर : बँड मोडल्यानंतरची तीस वर्षं

खारेदाणे

परवा रात्री ओटा आवरताना मोबाइलवर मार्क नॉफ्लर, तो ब्रिटिश गिटारवाला-गायक, लावला होता. धाकटा पाणी प्यायला आला, बाटली तोंडाला लावून दोन मिनिटं ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, बाबा हा गातोय का कुणाशी बोलतोय? मी हसलो पण नंतर झोप येईना, कारण पोरगं बरोबर बोललं होतं आणि मला ते इतक्या वर्षांत असं नेमकं सांगता आलं नव्हतं. म्हणून हा धागा.

माझी सुरुवात चारचौघांसारखीच, त्याच्या डायर स्ट्रेट्स या रॉक बँडपासून. ८८ साली हॉस्टेलवर एकाच्या भावानं दुबईहून त्यांच्या 'ब्रदर्स इन आर्म्स' अल्बमची ओरिजिनल कॅसेट आणली आणि डबल डेकवर आख्ख्या विंगनं ती कॉपी केली. आता ओरिजिनल ५५ मिनिटांची आणि आमच्या नव्वदच्या कॅसेटची एक बाजू ४५ची, दुसऱ्या बाजूला आधीच किशोरकुमार भरलेला, तो कोण पुसणार. म्हणजे शेवटची दोन गाणी आलीच नाहीत. ज्या गाण्यावरून अल्बमचं नाव ते गाणं मी थेट नोकरी लागल्यावर ऐकलं, र्‍हिदम हाउसला, मुंबईत काळा घोड्याला कॅसेटच्या दुकानात, उभ्या उभ्या. असो.

तर मुद्दा. लोक म्हणतात डायर स्ट्रेट्स म्हणजे नॉफ्लरचं शिखर आणि नंतरचे सोलो अल्बम म्हणजे म्हातारपणीची हौस. मला वाटतं हे उलटं आहे. स्टेडियमवालं प्रकरण त्याच्या वाटेत आलेला एक भला मोठा घाट होता, तो चढून उतरून माणूस परत आपल्या रस्त्याला लागला.

मूळ रस्ता कुठला? जन्म १२ ऑगस्ट १९४९, ग्लासगो. वडील हंगेरीहून आलेले ज्यू, आर्किटेक्ट. आई शिक्षिका, न्यूकॅसलकडची. हा सातेक वर्षांचा असताना सगळे आईच्या माहेरी म्हणजे ब्लाइद गावी आले. वडिलांनी पन्नास पौंडांची लाल हॉफ्नर गिटार घेऊन दिली, पण आवाज मोठा करणारा अँप मागायची हिंमत झाली नाही म्हणून यानं ती घरच्या रेडिओला जोडली आणि रेडिओ उडवला. (कुठलाही मराठी बाप इथे काय म्हणाला असता ते आपण जाणतो.) पुढे जर्नलिझमचा कोर्स करून लीड्सला यॉर्कशायर इव्हनिंग पोस्टमध्ये बातमीदार. १९७० च्या सप्टेंबरात गिटारवाला जिमी हेंड्रिक्स गेला त्यावर लिहिणं हे तिथल्या त्याच्या शेवटच्या कामांपैकी एक. मग लीड्स विद्यापीठात इंग्रजी, मग एसेक्समध्ये कॉलेजात मास्तरकी. डायर स्ट्रेट्स जमलं १९७७ ला, तेव्हा हा जवळजवळ अठ्ठावीस वर्षांचा. रॉकमध्ये अठ्ठावीस म्हणजे आपल्याकडे क्रिकेटमध्ये पस्तीस!

आणि पहिलं गाजलेलं गाणं कशावर? 'सुलतान्स ऑफ स्विंग'. दक्षिण लंडनच्या एका पबमध्ये पावसाळी रात्री हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या लोकांपुढे एक जुनाट जॅझ बँड वाजवत होता आणि शेवटी त्यांनी ऐटीत सांगितलं की आम्ही सुलतान्स ऑफ स्विंग. अवतार बघा आणि नाव बघा. ही बातमीदाराचीच नजर. 'मनी फॉर नथिंग' पण तसंच, न्यूयॉर्कच्या फ्रिज-टीव्हीच्या दुकानात एक हमाल भिंतीवरच्या एमटीव्हीकडे बघून तोंड सोडत होता, यानं तिथंच कागद मागून उतरवून घेतलं.

मग 'ब्रदर्स इन आर्म्स'चं ते वेड. १९८५, तीन कोटींच्या वर कॉप्या, सीडी नावाची नवी वस्तू लोकांच्या घरात नेणारा अल्बम. लाइव्ह एड या मदतनिधीच्या जंगी मैफलीच्या दिवशी हे लोक वेंब्ली स्टेडियमवर वाजवून शेजारच्या वेंब्ली अरिनात आपल्याच रात्रीच्या शोला गेले, कारण तिथे त्यांचे एकापाठोपाठ शो लागलेले. १९९१-९२ ची शेवटची टूर संपली तेव्हा त्याला कळून चुकलं असावं की हे आता आपलं नाही. ९५ ला बँड अधिकृतपणे बंद, ९६ ला पहिला सोलो 'गोल्डन हार्ट', आणि तिथून २०२४ च्या 'वन डीप रिव्हर'पर्यंत दहा स्टुडिओ अल्बम. एकात सुद्धा स्टेडियम नाही. सगळीकडे माणसं. भूमापन करणारे, बॉक्सर, ट्रकवाले, जर्मनीला कामाला गेलेले गवंडी, सर्कसवाले.

तुम्ही कुठून सुरू केलंत, कुठे सोडलंत, लिहा. भांडायचं असेल तर अवश्य भांडा.

झिंगाट_गणपा

मी पहिला :) भांडायलाच आलोय.

लेख छान पण दादा, प्रामाणिकपणे सांगा, 'शांग्री-ला'नंतरचे अल्बम एका बैठकीत संपवलेत का? सगळं एकाच चालीत, एकाच लयीत. मी मागे पुणे-कोल्हापूर ड्रायव्हिंगला लावला तर साताऱ्याच्या आधी बायको म्हणाली गाणं बदल नाहीतर तू झोपशील आणि आपण सगळे दरीत. डायर स्ट्रेट्सच्या 'टेलिग्राफ रोड'ची १४ मिनिटं कशी, अंगावर येते ती गिटार. नंतर कुठे गेली ती? ज्याला अशी गिटार येते त्यानं ती मागे ठेवून पुटपुटत बसायचं हा मला तरी अन्याय वाटतो. आणि नाव क्नॉफ्लर आहे ना?

सहातारी

क चा उच्चार नाही, नॉफ्लरच.

गणपा, गिटार कुठे गेली नाही रे, तू मोठा आवाज शोधतोयस. मी कोथरूडला गिटार शिकवतो, वीस वर्षं झाली, तर थोडं हाताचं सांगतो. हा माणूस नखी वापरत नाही. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, बाकीची दोन बोटं गिटारच्या अंगावर टेकलेली. बोटांच्या मांसानं तार नुसती दाबून सोडत नाही, वर खेचून सोडतो, म्हणून ती लाकडावर आपटल्यासारखी 'टक्' वाजते आणि पुढचाच सूर एकदम मऊ येतो. नखीनं हे होत नाही कारण नखी सगळ्या तारांना सारखंच वागवते. मुलांना मी सांगतो की हे म्हणजे एकाच तोंडानं ओरडणं आणि कुजबुजणं. ही सवय त्याला लीड्सला लागली, तिथं स्टीव्ह फिलिप्स नावाच्या ब्लूजवाल्याबरोबर नॅशनल कंपनीच्या जुन्या धातूच्या गिटारी वाजवायचा. 'ब्रदर्स इन आर्म्स'च्या कव्हरवर ढगांत तरंगणारी चकचकीत गिटार तीच, १९३७ ची. 'रोमिओ अँड ज्युलिएट' गाण्याची सुरुवात तिच्यावरच आहे.

अजून एक, माणूस मुळात डावरा पण वाजवतो उजव्यासारखं. म्हणजे जोरकस हात पट्टीवर, तार ताणायला. त्याचा सूर थरथरतो तो असा घट्ट का, याचं अर्धं उत्तर इथे आहे असं मला वाटतं.

सोलोत त्यानं काय केलं तर दोन ओळींच्या मधल्या फटीत वाजवायला लागला. गायकाला साथ करणारा सारंगीवाला जसा मागून फक्त शेवटचा शब्द उचलतो तसं. ते ऐकायला आवाज थोडा वाढवावा लागतो आणि घाटात गाडी हळू चालवावी लागते ;)

बोरूबहाद्दर

वाखु (वाचनखूण) साठवली. बातमीदार हा धागा पकडलात ते आवडलं, आमच्या धंद्यातला माणूस म्हणून भर घालतो. बातमीदारीच्या आधीही तो पंधरासोळाव्या वर्षी शनिवारी न्यूकॅसलच्या इव्हनिंग क्रॉनिकलमध्ये कॉपी बॉय होता, म्हणजे इकडचा बातमीचा मजकूर तिकडे नेऊन द्यायचा. तिथे एका कोपऱ्यात एक वैतागलेला म्हातारा उपसंपादक बसायचा, पोटासाठी बाजारभाव नि भरतीओहोटीच्या वेळा लावणारा. तो बेसिल बंटिंग. इंग्रजीतला मोठा कवी. त्याची 'ब्रिगफ्लॅट्स' ही लांबलचक कविता १९६६ ला पुस्तक होऊन आली आणि जगाला तो परत आठवला. पोराला तेव्हा काय कळणार, पण पन्नास वर्षांनी, २०१५ च्या 'ट्रॅकर' अल्बमवर त्यानं 'बेसिल' नावाचं गाणं केलं. गाण्यात पोरगा नव्या गिटारची, पोरींची स्वप्नं बघतोय आणि म्हाताऱ्याला तिथून कधी एकदा सुटतो असं झालंय, दोघं एकाच खोलीत.

आमच्या डेस्कवर असे दोन होते. एक गझला लिहायचा आणि रोज रात्री तापमान नि सोन्याचे दर लावायचा. मी त्याच्याकडून एक ओळही ऐकून घेतली नाही कधी. हे गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो आठवला, नंबर शोधला तर लागला नाही. जाऊ दे.

शीर्षकाबद्दल एक बारीक तक्रार: ९५ पासून मोजलं तर तीस बरोबर, पण सोलो काम आधीच चालू होतं ना? 'लोकल हीरो' सिनेमाचं संगीत १९८३ चं.

खारेदाणे

बोरूबुवा, बरोबर, मान्य. 'लोकल हीरो' १९८३, 'द प्रिन्सेस ब्राइड' १९८७, नाशव्हिलच्या गिटारवाल्या चेट अ‍ॅटकिन्सबरोबरचा अल्बम १९९०, त्याच वर्षी मित्रांबरोबर 'नॉटिंग हिलबिलीज' या नावानं एक अल्बम. म्हणजे बँड सगळ्यात मोठा होता तेव्हाच हा खिडकीतून बाहेर बघत होता. शिवाय बॉब डिलनच्या १९७९ च्या 'स्लो ट्रेन कमिंग'मध्ये वाजवलंय, ८३ चा 'इन्फिडेल्स' प्रोड्यूस केलाय, गायिका टीना टर्नरचं 'प्रायव्हेट डान्सर' यानं लिहिलेलं.

गणपा, 'किल टु गेट क्रिमझन' अल्बम माझ्याच्यानंही दोनदाच ऐकवला. कबूल.

टायनकाठची_माई

न्यूकॅसलहून लिहितेय, इथे अकरा वर्षं झाली, हॉस्पिटलात नोकरी. मला रॉकमधलं ओ की ठो कळत नाही पण 'लोकल हीरो'चा विषय निघाला म्हणून राहवेना. इथे सेंट जेम्स पार्कवर न्यूकॅसल युनायटेडची मॅच असली की खेळाडू मैदानात येताना 'गोइंग होम' वाजतं, त्या सिनेमातलंच शेवटचं. मी पहिल्यांदा गेले ती नवऱ्याच्या ऑफिसातल्या फुकटच्या तिकिटावर, थंडीनं दात वाजतायत, मनात म्हणतेय कुठून आले. आणि ती गिटार सुरू झाली, माझ्या शेजारी सत्तरीचे एक आजोबा, गळ्यात काळापांढरा मफलर, ते काहीच बोलले नाहीत, नुसती टोपी काढून हातात धरली. पन्नास हजार माणसं होती आजूबाजूला. माझ्या डोळ्यात पाणी का आलं मला अजून माहीत नाही, मी तर परभणीची.

ते जर्मनीला गेलेल्या गवंड्यांचं गाणं 'व्हाय आय मॅन', तो इथला शब्द आहे, म्हणजे 'हो तर, काय विचारता'. माझे पेशंट दिवसातून शंभरदा म्हणतात आणि मला 'पेट' (म्हणजे लाडानं 'बाळा') म्हणतात, आधी राग यायचा, आता कुणी म्हटलं नाही तर चुकल्यासारखं वाटतं. थॅचरबाईंच्या काळात इथली कामं गेली आणि माणसं जर्मनीत बांधकामावर गेली, त्यांची मुलंबाळं आता पन्नाशीची आहेत, त्यांच्याकडून ऐकते. घरी पैसे पाठवणारा माणूस गाण्यात रडत नाही, चेष्टा करतो, ते मला फार खरं वाटलं. आमच्याकडे पण पुण्याला गेलेले असेच फोनवर हसून बोलायचे.

मीनल_ठाणे

मी २००५ ला मुंबईत बघितलाय त्याला!! मार्च महिना, 'शांग्री-ला'ची टूर, मुंबई आणि मग बंगलोर. तिकिटाला अर्धा पगार गेला होता आणि आईला सांगितलं ऑफिसची पार्टी. मैदानात माझ्या पुढे एक उंच माणूस, त्याच्या खांद्यावर त्याची पोरगी, मला स्टेजच्या जागी दीड तास फ्रॉकच दिसला. पण सुलतान्स सुरू झालं आणि सगळे लोक शेवटचा सोलो तोंडानं म्हणायला लागले, शब्द नाही, सोलो! टॅडॅडॅ टॅडॅडॅ. तो मान खाली घालून हसला असं मला तरी दिसलं.

एक सांगायचं राहिलं लेखात. त्याच्या दोन वर्षं आधी, मार्च २००३ ला, लंडनमध्ये मोटारसायकलवर असताना त्याला गाडीनं उडवलं होतं, गळपट्टीचं हाड, खांद्याचं हाड आणि सात बरगड्या मोडल्या. कित्येक महिने गिटार धरता येत नव्हती. त्यामुळे आम्ही बघितला तो परत उभा राहिलेला माणूस होता. तेव्हा मला हे माहीतच नव्हतं, नंतर कळलं, नाहीतर त्या फ्रॉकवालीला बाजूला केलं असतं.

झिंगाट_गणपा

मीनल, जळलो.

बरं एक मान्य करतो, काल रात्री सहातारींनी सांगितलं म्हणून 'सेलिंग टु फिलाडेल्फिया' हा सोलो अल्बम परत लावला, हेडफोनवर. ते शीर्षकगीत गायक जेम्स टेलरबरोबरचं, मी आजवर ते बोटीतल्या दोन मित्रांचं समजत होतो. ते मेसन आणि डिक्सन निघाले! अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया नि मेरीलँडची हद्द मोजणारे, १७६३ ते ६७. शाळेत भूगोलात नाव वाचलेलं. आणि डिक्सन डरहॅमचा म्हणजे माईंच्या बाजूचा, म्हणून त्याच्या ओळी नॉफ्लर स्वतः गातो. मोजणीवाल्यांवर गाणं! आमच्या भावकीत मोजणीवाल्यावर लोक दुसरंच काहीतरी गातात.

तरी पण. दहा अल्बमांतून चाळून एक होईल, जबरदस्त होईल. हे माझं मत राहील.

सहातारी

चाळून एक केलास तर त्याच अल्बममधलं 'व्हॉट इट इज' घे, त्यात तुझी हरवलेली गिटार आहे.

अवांतर: मादागास्करमध्ये सापडलेल्या एका डायनोसॉरला त्याचं नाव आहे, मासिआकासॉरस नॉफ्लरी, २००१. खोदणारे लोक त्याची गाणी लावून खोदायचे. गणपाच्या मते ते झोपायला हवे होते.

खारेदाणे

हाहा. गणपा, तुझं मत असू दे, धागा चालू राहायला हवा.

पण एक विचार कर, २०१८ ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये डायर स्ट्रेट्सला घेतलं, जगातला कुठलाही म्हातारा रॉकवाला धावत गेला असता, हा गेलाच नाही. बँडमधला भाऊ डेव्हिडही नाही. बँडची ओळख करून द्यायला सुद्धा कुणी नव्हतं, शेवटी बासवाल्या जॉन इल्स्लीनंच आपल्याच बँडचं स्वागत केलं. मला तेव्हा हा उद्धटपणा वाटला होता, इल्स्लीबद्दल वाईटही वाटलं, अजून वाटतं. आणि २०२४ च्या जानेवारीत यानं लंडनला ख्रिस्टीजच्या लिलावात स्वतःच्या शंभरावर गिटारी विकल्या, 'मनी फॉर नथिंग'वाली लेस पॉल गिटार सुद्धा. सुमारे ८८ लाख पौंड आले, चौथा हिस्सा दान. आपण माळ्यावरचा बंद पडलेला टेपरेकॉर्डर देत नाही.

२०१९ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनला टूर संपली, त्यानंतर टूर नाही. लंडनात चिझिकला त्याचा स्वतःचा ब्रिटिश ग्रोव्ह स्टुडिओ आहे, तिथे जातो आणि गाणी करतो. कीबोर्डवाला गाय फ्लेचर १९८४ पासून सोबत. नोकरीला जावं तसं.

दर्यावर्दी

मी सहसा वाचूनच जातो, टायपिंग जमत नाही, चुका पोटात घाला. मर्चंट नेव्हीत इंजिनवर ३४ वर्षं, आता अलिबागजवळ घरी.

२००९ चा 'गेट लकी' अल्बम कुणी घेतला नाही इथे. त्यात दोन गाणी. एक त्याच्या फ्रेडीमामाचं, बॅगपाइप वाजवणारा सैनिक, १९४० ला फ्रान्समध्ये अरासजवळ वयाच्या विसाव्या वर्षी मेला, पाइप बरोबर घेऊनच लढाईत गेला होता. ते सांगत नाही, ज्याचं त्यानं ऐकावं.

दुसरं 'सो फार फ्रॉम द क्लाइड'. क्लाइड म्हणजे ग्लासगोची नदी, जहाजं बांधायचे तिथे, त्याचा जन्म तिथलाच. गाणं आहे जहाज भंगारात काढायचं. मी हे काम केलंय. अलंगला, भावनगरकडे. तिथं भरतीओहोटीत फार मोठा फरक असतो, म्हणून उधाणाची भरती बघून जहाज पूर्ण वेगानं किनाऱ्यावर घालतात. सगळं आयुष्य आम्ही शिकलो की जमिनीपासून लांब राहा. त्या दिवशी कॅप्टन सांगतो फुल अहेड आणि समोर वाळू. खाली इंजिनरूममध्ये आम्हाला दिसत काही नाही. आधी तळ घासल्याचा आवाज येतो, मग सगळं जहाज हळूहळू धीमं होतं, कप टेबलावरून सरकत जातात, आणि थांबतं. वरून इंजिन-टेलिग्राफवर हुकूम येतो, फिनिश्ड विथ इंजिन्स, म्हणजे इंजिनाचं काम संपलं. हा हुकूम प्रत्येक बंदरात येतो. पण त्या दिवशी इंजिन बंद केलं की परत कुणी चालू करणार नसतं. आमच्या फोर्थ इंजिनीयरनं, पोरगा होता चोवीसचा, सवयीनं लॉगबुक भरलं, तेलाचं तापमान सुद्धा लिहिलं. मी म्हटलं भर बाबा.

गाण्यात हे सगळं जसंच्या तसं आहे. त्या दिवशीचं शेवटचं जेवण, कॅप्टनचं बाजूला होणं, मग वाळूवर येणं, मग गॅस कटर घेऊन चढणारी माणसं. जागेचं नाव घेतलेलं नाही पण असा किनारा आमच्याकडचाच. हा माणूस जहाजावर कधी नोकरीला नव्हता, मग याला कोणी सांगितलं. पोरानं लावलं होतं गाडीत, मी रेवदंड्याला गाडी बाजूला घ्यायला लावली.

ते झोप येणारं म्हणाले त्या भाऊंना सांगा, हे ऐकून मला दोन रात्री झोप नव्हती.

झिंगाट_गणपा

काका, नमस्कार घ्या. मी आत्ता ऐकायला बसतोय.

टायनकाठची_माई

इथेही टाइन नदीच्या काठी गोद्या होत्या, आता फ्लॅट झालेत. माझ्या वॉर्डातले एक आजोबा तिथे वेल्डर होते, त्यांना उद्या हे गाणं ऐकवते.

बोरूबहाद्दर

दर्याकाका, हे वेगळा लेख म्हणून लिहा. टायपिंगचं मी बघतो, तुम्ही बोला, मी संपादन करतो. जहाजाचं नाव काय होतं?

दर्यावर्दी

नाव अर्धंच उरलं होतं. शेवटच्या फेरीला मालक बदलतो, नवीन नाव रंगवायचा खर्च कोण करणार, जुन्या नावातली पुढची काही अक्षरं रंगानं बुजवायची आणि उरलेलं ते नवं नाव. आमच्या बोसननं (डेकवरच्या मुकादमानं) बुजवली, पण रंग पातळ होता. दुपारी ऊन तिरकं पडलं की सगळं नाव दिसायचं.